इंगरच्या मजुरीचं धान

परदेशातलं माणूस आपल्या देशात येऊन फुकट राबायचं म्हणालं, तर त्याला किती दारं ठोठवावी लागतात, हे मला मागच्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. पैसे कमवायला येणाऱ्याचं एक वेळ लवकर जमत असेल. तो कशाला आला आहे, हे सगळ्यांना समजतं. फुकट काम करायला आलेल्या माणसाकडे मात्र प्रत्येक टेबलामागून संशयानंच बघतात. ही ऐकीव गोष्ट नाही. इंगरच्या शेजारी बसून मी ती टेबलं पाहिली आहेत.

मी नागपूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मूळची साताऱ्याकडची. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जायचं, आंबे खायचे, भावजयीशी दोन-तीनदा मनसोक्त भांडायचं आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं, हा माझा नेहमीचा कार्यक्रम. यंदा तो मोडला. आमच्या मुख्याध्यापिकाबाई श्रमदानाची कामं काढणाऱ्या एका संस्थेत आहेत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की डेन्मार्कहून एक मुलगी आली आहे, चांदा जिल्ह्यातल्या एका जंगलगावात तलावाची पाळ बांधायला जायची आहे, तिला दुभाषी हवी. मी म्हटलं, "मला मातीकामातलं काही कळत नाही." बाई म्हणाल्या, "तुम्हाला बोलायचं आहे, माती वाहायची नाही." बोलायचंच म्हटल्यावर मी काय नाही म्हणणार!

इंगर म्हणजे पंचविशीच्या आतली, उंच, रुंद खांद्यांची, शेतकऱ्याची मुलगी. केस गव्हाच्या काडासारखे आणि नाक उन्हानं कायम सोललेलं. इंग्रजी तिचं सावकाश, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखं. बोलण्यात फार नाही, पण हसली की सगळं तोंड हसायचं.

चांदा

परदेशी माणसानं जिल्ह्यात पाऊल ठेवलं की आधी तिथल्या पोलीस कचेरीत नाव नोंदवायचं असतं. म्हणून नागपूरहून छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही आधी चांद्याला गेलो. गाडीच्या खिडकीतून कोळशाचा कण माझ्या डोळ्यात गेला आणि तो काढण्याच्या भानगडीत माझा चष्मा इंगरच्या बुटाखाली सापडला. तेव्हा चांद्याचं माझं पहिलं दर्शन एकाच काचेतून झालं.

कचेरीत परदेशी लोकांचं काम रहमानसाहेब नावाचे अधिकारी बघत. केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांची इंग्रजी इंगरला कळेना आणि इंगरची त्यांना, म्हणून ते माझ्याशीच बोलू लागले.

"काय काम करनार ह्या?"

"तलावाची पाळ बांधायला चालली आहे."

"मजुरी किती?"

"मजुरी नाही."

"मंग काऊन चालली?"

मी इंगरला प्रश्न सांगितला, तशी ती खळखळून हसली. तिच्या देशातल्या आपल्या वकिलातीत व्हिसा मागायला गेली, तेव्हा तिथल्या बाबूनंही हेच विचारलं होतं म्हणे. तुम्ही कमावणार का? नाही. मग कशाला जाता? तिनं उत्तर दिलं होतं, "माझी पाठ चांगली आहे आणि आमच्याकडे हिवाळ्यात काम नसतं." त्यावर दोन महिने तिचा अर्ज पडून राहिला.

रहमानसाहेब हसले नाहीत. त्यांनी तिचे कागद दोनदा वाचले आणि मला नीट समजावून सांगितलं. "देखो बाई, हिले बिनपगारी सेवेसाठी येऊ देल्लं आहे. मजुरी घेतली, मंग ते पैसे असो का शेरभर धान, ते काम झालं. कामाचा परवाना अलग असते. तो हिच्यापाशी नाई. तसं काही निघालं तं मले हिले परत धाडाच लागन. अन् राह्याची मुदत बी कमी आहे. वाढवून पाह्यजे असन तं मी गावात येऊन चौकशी करीन, लिहून वर धाडीन, मंग ठरन."

मुदत खरंच कमी होती. पाळ पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी ती संपत होती. आणि अर्धी पाळ म्हणजे काहीच नाही, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. तिच्या बापाच्या शेताला समुद्राकडून बांध आहे. ती म्हणाली, "मी येते आणि काम अर्धं टाकून जाते, असं झालं तर मी न आलेलीच बरी."

रहमानसाहेबांचं घर कचेरीच्या मागच्या अंगाला होतं. मधल्या दाराचा पडदा हलला आणि कैरीच्या पन्ह्याचे दोन पेले बाहेर आले. माणूस दिसलं नाही, नुसता हात दिसला, कोपराच्या जवळपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेला. इंगर पन्हं विसरून त्या हाताकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, काचेच्या असून फुटत कशा नाहीत? त्या हातांनी भांडी कोण घासतं? मी म्हटलं, त्याच हातांनी. तिला ते पटलं नाही.

वैनगंगेपलीकडे

ब्रह्मपुरीला आम्ही एक रात्र धर्मशाळेत काढली. वैनगंगेला पाणी इतकं थोडं होतं, की डोंग्यातून निम्मी नदी ओलांडली आणि उरलेली निम्मी लुगडं वर धरून चालत. वाळू भाजत होती. पुढे आरमोरी, आणि आरमोरीपासून बैलगाडी. आमच्या साताऱ्याकडे डोंगर नजरेसमोर उभे असतात, कुठे आहोत ते कळतं. इथे सपाट जमीन आणि चारी बाजूंना झाडं. साग, मोह, टेंभुर्णी. दोन तास गेले तरी आपण पुढे सरकलो की नाही, सांगता येईना. गाडीवाल्याला मी विचारलं, "वाघ असतो का?" तो म्हणाला, "असते ना. पण त्याले बी ऊन लागते." एवढ्यावर मी समाधान मानलं.

मोहटोला म्हणजे चाळीसेक घरांचं गाव. बहुतेक कुणबी, काही गोंड. सगळी शेती धानाची, म्हणजे भाताची. भाताच्या खाचराला तिथे बांधी म्हणतात. गावाच्या डोक्यावर एक तलाव, त्याला म्हणतात बोडी. पाऊस दगा देतो तेव्हा ह्या बोडीचं पाणी बांध्यांना मिळतं आणि पीक वाचतं. पूर्वी गावचा जमीनदार, मालगुजार, बोडी राखायचा. राखायचा म्हणजे गावाकडून राखून घ्यायचा. सरकारनं मालगुजारी काढून घेतली, मालगुजार शहरात निघून गेला आणि मागे दोन पावसाळ्यांत पाळीला मधोमध भलंमोठं भगदाड पडलं. आता गावानं ती आपली आपण बांधायला घेतली होती. संस्थेकडे त्यांनी फक्त हत्यारं मागितली होती. संस्थेनं हत्यारांबरोबर इंगर पाठवली.

आमचा मुक्काम भागरथाबाईंच्या घरी. साठीच्या, वाळक्या, ताठ. नवरा गेलेला, मूल नाही, दोन बांध्या स्वतः कसतात. आम्हाला बघून त्यांनी पहिला प्रश्न इंगरबद्दल केला, "पोट्टी भात खाते का?" मी हो म्हटलं. "मंग काही अडचन नाई."

आणि खरंच नव्हती. दोन्ही वेळा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, कधी सुकी मासोळी. दुपारी गार आंबील. मोहाची वाळलेली फुलं उकडून गोडाला. मी पहिल्याच दिवशी ती वाटीभर आवडीनं खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसले. इंगर भात हातानं कालवायला शिकली. फक्त तिला बटाटा आठवायचा. बटाट्याबद्दल ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात आमच्याकडे लोक आंब्याबद्दल बोलतात.

पाळीवर काम सकाळी आणि ऊन कलल्यावर. तलावाच्या कोरड्या पोटातली माती खणायची, टोपल्यांतून वाहायची, भगदाडात टाकून तुडवायची. इंगरला वाटलं होतं की आपल्याला हे येतं. पहिली टोपली डोक्यावर ठेवून तिनं चार पावलं टाकली आणि सगळी माती तिच्या अंगावर. बाया पोट धरून हसल्या. एकीनं तिला चुंबळ करून दिली, मान कशी ठेवायची ते हनुवटी धरून दाखवलं. आठवडाभरात टोपली डोक्यावर हात न लावता राहील, इतकी तिला सवय झाली. तिची पाठ चांगली होती हे खोटं नव्हतं.

आणि रोज दिवेलागणीला एक छोटासा विधी व्हायचा. भागरथाबाई पायलीचं माप धानानं भरून आणायच्या, इंगरच्या दोन्ही हातांचा त्याला स्पर्श करवायच्या आणि मग ते धान कोपऱ्यातल्या एका नव्या ढोलीत ओतायच्या. ढोली म्हणजे शेणानं सारवलेली बांबूची कणगी. इंगर डोळे मिटून हात जोडायची. तिला वाटायचं ही धान्याची प्रार्थना आहे. मलाही तसंच काहीतरी वाटलं. प्रत्येक मुलखाची दिवेलागण वेगळी. ओसरीवर बसलेले पत्रूभाऊ, म्हणजे गावचे पुढारी, इंगरच्या जोडलेल्या हातांकडे बघून खूश व्हायचे. "पोट्टीले कदर आहे," म्हणायचे. कशाची कदर, ते मी कधी विचारलं नाही.

चौकशी

मुदत संपत आली तेव्हा रहमानसाहेब आले. सायकल आरमोरीपर्यंत आणि पुढे आमच्याच गाडीवाल्याची गाडी. गर्द मोहाखाली खाट टाकली, गाव गोळा झालं. साहेबांनी वही उघडली.

"ह्या बाई इथी काय करते?"

"माती वाह्यते, साहेब," पत्रूभाऊ म्हणाले. "आता तं डोक्यावर बी वाह्यते."

"अन् मजुरी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर साहेबांनी हातानं थांबवलं. गावाला विचारायचं होतं. पत्रूभाऊ उठून उभे राहिले. आजही मला ते दिसतात, पागोटं सरळ करताना.

"साहेब, मोहटोल्यात कोनी फुकट राबत नाई. रोजची मजुरी रोज देऊन राह्यलो आमी. एक दिवस चुकला नाई. भागरथाबाई, दाखव बाई साहेबाले ढोली!"

भागरथाबाई साहेबांना आत घेऊन गेल्या. आम्हीही मागोमाग. ढोली तोंडापर्यंत भरत आली होती. "हे सारं तिचं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

इंगर सारखी विचारत होती, काय म्हणाल्या? मी सांगितलं. ती गोरीच होती, आता पांढरी पडली. "पण ती तर प्रार्थना होती!" एवढंच ती म्हणाली आणि जमिनीवर बसली.

रहमानसाहेबांनी वही मिटली. "मी न पाह्यलं असतं तं बरं होतं," ते म्हणाले. "आता पाह्यलं."

भागरथाबाईंना वाटलं, मजुरी कमी पडली म्हणून साहेब नाराज आहेत. "काऊन जी, काही चुकलं? बाईमान्साची जेवढी असते तेवढी देतो. तिचं काम मानसाएवढं आहे, हे बी खरं. उद्यापासून वाढवतो."

बाहेर मोहाखाली आल्यावर मी हात जोडून त्यांना सगळं सांगितलं. मजुरी घेतली तर सरकार इंगरला परत पाठवील, घेतली नाही तरच राहता येईल. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. इतक्या दिवसांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"म्हंजे सरकार म्हनते का आमी तिच्याकून बेगार घ्याव?"

बेगार, म्हणजे वेठ. मालगुजाराचा माणूस यायचा आणि दिसेल त्याला कामाला उचलून न्यायचा, बिनमजुरीनं. भागरथाबाईंच्या नवऱ्याला असंच ऐन कापणीत नेलं होतं, मालगुजाराच्या लेकीच्या लग्नाचा मांडव घालायला. तो परत आला तोवर त्यांचं स्वतःचं धान पिकून शेतातच झडून गेलं होतं. "त्या वर्षी आमी जंगलातले कंद उकडून खाल्ले, साहेब. मालगुजारी गेली तवा ह्याच मोहाखाली गावानं ठरवलं, आता फुकट राबाचं नाई अन् कोनाले राबवाचं नाई. ज्याची बांधी पाळीखाली आहे, तो आपल्यासाठी माती टाकते, त्याले मजुरी नाई. ह्या पोट्टीची बांधी आहे का इथी? मंग तिनं काऊन फुकट राबाव? तिच्याकून फुकट घेतलं तं आमी कोन झालो? मालगुजारच ना?"

उन्हाळ्याच्या त्या दिवसांत घराघरातलं धान संपत आलेलं असतं. पेरणीचं बी वेगळं काढलं की उरलेलं पुरवून पुरवून खायचं. त्यातून ही बाई रोज पायली काढत होती. आणि आम्ही दोघी हात जोडून प्रार्थना करत होतो! मला भरून आलं. इंगरनं तर उघड रडायलाच सुरुवात केली.

रहमानसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, तुमचं खरं आहे. अन् माह्या कागदाचं बी खरं आहे. मी काय करू?"

पत्रूभाऊंना एकदम सुचलं. "साहेब, असं करू. पाळीखाली माही एक लहान बांधी आहे. ती देतो पोट्टीच्या नावानं करून. मंग ती आपल्या वावरासाठी राबली. मजुरीचा सवालच नाई!"

"भाऊ, जमीन? परदेशी बाईले जमीन?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "मंग तिच्या संगं मले बी घरी धाडतील."

एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा लोक हसले. पण प्रश्न तिथंच होता.

दुपार चढली. जेवणाची वेळ झाली म्हणून भागरथाबाईंनी ओसरीवर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. साहेब एका बाजूला, आम्ही एका बाजूला. वाढता वाढता बाई इंगरसमोर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "इचारा तिले. तिच्या बापाच्या वावरात ती काम करत होती, तं बाप मजुरी देत होता का?"

मी विचारलं. इंगर म्हणाली, "नाही. जेवण. आणि एकदा हिवाळ्यात नवा कोट."

मी सांगितलं. बाईंनी वरणाची वाटी खाली ठेवली.

"हाव. लेकीले कोन मजुरी देते!"

पत्रूभाऊ ओसरीच्या कडेला बसले होते. ते सावकाश म्हणाले, "बाई, नुसतं म्हनून होत नाई. लेक म्हटलं तं लेकीचं सारं करा लागते. आज अन् पुढं बी."

"करतो ना."

बाई आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. हिरव्या काठाचं एक लुगडं घेऊन त्या बाहेर आल्या. त्यांना आता ते नेसायचं नव्हतं आणि मूल नसल्यामुळे द्यायलाही कोणी नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं घडी न मोडता पडलेलं. पत्रूभाऊंच्या बायकोनं परातीत पाणी आणलं. भागरथाबाईंनी इंगरचे पाय धुतले, त्या मातीनं भेगाळलेल्या मोठ्या पायांवरून हात फिरवला, पत्रूभाऊंच्या बायकोकडून तिला कुंकू लावून घेतलं आणि ते लुगडं तिच्या विजारीवरूनच गुंडाळून दिलं. काय चाललंय, हे मी तिला सांगायचं होतं, पण मी चष्मा पुसत राहिले. तिनंही विचारलं नाही.

मग बाई दोन पावलं मागे झाल्या आणि खेकसल्या, "आता उभी काऊन राह्यली? साहेबाच्या पेल्यातलं पानी सरलं, दिसत नाई? जा, आन!"

एवढ्या दिवसांत त्यांनी इंगरला घरातली काडी उचलू दिली नव्हती. ती कामावरची बाई, तिचं काम पाळीवर; घरात तिच्याकडून काही करून घेणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. इंगरला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. लुगड्यात अडखळत ती माठाकडे धावली. तिनं पाणी आणून दिलं ते साहेबांनी उभं राहून घेतलं.

"लेकच आहे," ते म्हणाले. "पण बाई, त्या ढोलीचं काय?"

दिलेली मजुरी पुन्हा घरात घेत नाहीत, हेही तिथलं पक्कं. शेवटी असं ठरलं की इंगरनं ते धान गावाला जेवू घालावं. पाच-सहा उखळांत मुसळं पडू लागली. बाया एका लयीत कांडत होत्या, मध्येच इंगरच्या हातात मुसळ देत होत्या. संध्याकाळी पाळीच्या कडेला मोठ्या हंड्यांतून भात शिजला आणि सगळ्या गावानं खाल्ला. रहमानसाहेबांनी दोनदा मागून घेतला. त्यांनी स्वतः वाकून ढोलीत हात घातला आणि तळ चाचपला. मग वहीत लिहिलं, की बाई मजुरी घेत नाही, समक्ष खात्री केली.

कोपऱ्यात एक पायली धान मात्र झाकून ठेवलेलं होतं. साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हे?"

"लेकीच्या ओटीचं," भागरथाबाई म्हणाल्या. "माह्या घरचं. ते तुमच्या कागदात येते का?"

साहेबांनी विचार केला. "नाई येत," ते म्हणाले.

कागदाच्या आत

मुदत वाढून मिळाली, पण मागितली होती त्याच्या निम्मीच. वरच्यांनी तेवढीच दिली, असा निरोप कोतवालानं आणला. मी हिशेब करून पत्रूभाऊंना म्हटलं, "एवढ्यात काही पाळ होत नाही." एरवी गावाची घाई असते ती पावसाच्या आत उरकायची. पाऊस यायला अजून अवकाश होता.

पत्रूभाऊ म्हणाले, "पावसाची गोष्ट सोडा, मास्तरीणबाई. पोट्टीच्या कागदाच्या आत बांधाची."

त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगून पटायचं नाही. विड्यांसाठी टेंभुर्णीची पानं तोडायला जाणाऱ्या बाया पहाटेच पानं आणून थेट पाळीवर येऊ लागल्या. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, माणसं आली. त्यांच्या बांध्या काही ह्या पाळीखाली नव्हत्या, तेव्हा त्यांच्या मजुरीचा प्रश्न निघालाच. तेव्हा ठरलं, की पुढच्या उन्हाळ्यात मोहटोल्यानं त्यांच्या बोडीवर तेवढंच राबायचं. फिटंफाट. मी आयुष्यात मातीची टोपली उचलली नव्हती, ती उचलली. ती कमरेवरून नेत होते म्हणून बायांनी मला नावं ठेवली. भागरथाबाई आता इंगरवर दिवसभर ओरडायच्या. डोक्याला फडकं बांध, उन्हात पाणी ढोसू नको, किती खाते एवढंसं! इंगरला त्यातलं निम्मं कळायचं आणि ती पाठमोरी होऊन हसायची.

प्रवासाचे दिवस वजा जाता कागदाचा एक दिवस शिल्लक असताना भगदाड बुजलं. दोन्हीकडची पाळ एक झाली. शेवटची माती तुडवायला सगळं गाव पाळीवर चढलं होतं, अगदी तान्ह्या पोरांना काखोटीला मारून.

दुसऱ्या दिवशी निघताना इंगर हिरव्या काठाचं लुगडं नेसली. भागरथाबाईंनी तिची ओटी भरली, त्या पायलीतल्या धानानं. तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "पुढच्या खेपेला याले पुन्हा त्या साहेबाले पुसा लागन का?"

"हो. तिच्या देशातही, इथेही."

"लेकीले माहेरी याले?"

मी बोलण्यासाठीच आलेली बाई. त्या वेळी मी इंगरची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

पुन्हा चांदा

जिल्हा सोडतानाही सही लागते. रहमानसाहेबांनी इंगरचे कागद पाहिले, शिक्का मारला, पुढे सरकवले. तिच्या मांडीवरच्या ओटीच्या गाठोड्याकडे त्यांनी पाहिलं आणि काही विचारलं नाही. मग खुर्ची मागे ढकलून त्यांनी मधल्या दाराकडे हाक दिली.

पडदा बाजूला झाला. त्या दिवशी नुसता हात नाही, सगळं माणूस बाहेर आलं. साहेबांची बायको ठेंगणी, गोल चेहऱ्याची, साहेबांहून पुष्कळ जास्त बोलणारी. तिच्या हातात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. सगळी हकीकत तिला ठाऊक होती. ती इंगरसमोर खाली बसली आणि तिचा उजवा हात ओढून घेतला.

"बापा, केवढा हात हा! बाजारातल्या साऱ्यात मोठ्या आनल्या, तरी जातीन का नाई?"

साबण आणला. इंगरची बोटं दाबून, अंगठा आत वळवून, "ढिला सोड, पोरी, हात ढिला सोड," म्हणत तिनं एकेक बांगडी चढवली. दोन फुटल्या. इंगरच्या हातावर बारीक रक्त आलं. ती हसत होती आणि डोळे वाहत होते.

मी म्हटलं, "कशाला एवढं?"

"कशाले म्हंजे? आमच्या जिल्ह्यातून लेक रिकाम्या हातानं गेली, तं लोक काय म्हनतीन आम्हाले?"

रहमानसाहेब खिडकीबाहेर बघत होते. "हे मी पाह्यलं नाई," ते म्हणाले.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. ज्या मुलीनं सबंध उन्हाळा डोक्यावरून माती वाहिली, ती त्या दिवशी दोन्ही हात समोर हवेत धरून चालत होती, बांगड्या फुटू नयेत म्हणून. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. तिची पिशवी तिला उचलता येईना, आणि ओटीचं गाठोडंही. ती दोन्ही मी घेतली. नागपूर येईपर्यंत मी ती खाली ठेवली नाहीत.